आत्याचे मंगळवार-शुक्रवार

डायलिसिसच्या खोलीत खाटांवर पुरुष आणि बाहेरच्या बाकड्यावर बायका. मग बायकांच्या किडन्या खराबच होत नाहीत की काय? धुळ्याच्या एका दवाखान्यात बसल्या बसल्या पडलेला हा प्रश्न...

आमच्या आत्याचे मंगळवार-शुक्रवार पूर्वी देवीचे असायचे. दोन्ही दिवस कडक उपास. जमेल तेव्हा एसटीनं धुळ्याला यायचं, पांझरेकाठी एकवीरामातेचं दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळी परत. चाळीस वर्षं तिनं हे वार सोडले नाहीत. सुगीच्या दिवसांत नाहीत, अंगात ताप असताना नाहीत.

आता तिचे मंगळवार-शुक्रवार डायलिसिसचे झालेत. पहाटे पाचला उठायचं, दोन घास पोटात टाकायचे, साडेसहाची एसटी पकडायची. धुळ्यात पोचलं की वजन करायचं आणि खाटेवर आडवं व्हायचं. हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. चार तास. मग पुन्हा वजन, पुन्हा एसटी. घरी येते तेव्हा तिच्यात उंबरा ओलांडायचंही त्राण नसतं.

मागच्या मे महिन्यात मी जळगावहून पंधरा दिवस तिच्या सोबतीला गेले होते. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलाला रजा नाही, आणि मामांना एकट्यानं हे झेपत नाही. चार वेळा मी तिच्याबरोबर धुळ्याला गेले. आत फार वेळ थांबू देत नाहीत, पण पहिल्या दिवशी सहज खाटा मोजल्या. दहा खाटा. आठांवर पुरुष, दोघीच बायका, त्यातली एक आमची आत्या.

बाहेर आले तर बाकड्यावर सगळ्या बायकाच! कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात फाइल, कुणी लसूण सोलत बसलेली. कुणी नवऱ्याला घेऊन आलेली, कुणी मुलाला, कुणी भावाला. शुक्रवारी गेले तेव्हा आत तीन बायका होत्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा दोन. आत पुरुष आणि बाहेर बायका, हे चित्र काही बदललं नाही.

मनात आलं, आपल्या बायकांच्या किडन्या इतक्या मजबूत असतात? की आजारी पडूनही त्या या खाटेपर्यंत पोचतच नाहीत?

‘माले काय व्हयनं?’

आत्याचीच गोष्ट सांगते. वय एकसष्ट. बारा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, साखर उतरली, आणि ‘साखर कमी झाली’ म्हणून तिनं गोळ्या बंद केल्या. पुन्हा वाढली की पुन्हा सुरू. मामांची बीपीची गोळी मात्र एक दिवस चुकली नाही. ती आत्याच त्यांच्या हातावर ठेवायची, चहाच्या आधी.

मग गुडघे दुखायला लागले. गावातल्या मेडिकलमधून कुणीतरी दुखण्याची गोळी सांगितली. एक घेतली की दिवसभर निंदणी-खुरपणी करता यायची. ‘जादूची गोळी’ म्हणायची ती. अशा गोळ्या दोन-तीन वर्षं रोज चालल्या, कुणाला न विचारता.

पायावर सूज यायला लागली तेव्हा म्हणाली, बसमधून आले म्हणून असेल. जेवण जाईना तेव्हा म्हणाली, उन्हाळा आहे. अंगाला खाज सुटली तेव्हा खोबरेल चोळलं. दिवाळीत आम्ही सगळे जमलो तर तिचा चेहरा सुजलेला, रंग फिक्कट. मी विचारलं, ‘आत्या, डॉक्टरकडे कधी गेली होतीस?’ तर हसून म्हणते, ‘माले काय व्हयनं? मी बरी शे.’

त्यानंतर दीड महिन्यानं एका रात्री तिला आडवं पडून श्वासच घेता येईना. फुप्फुसांत पाणी झालं होतं. धुळ्याला नेलं. क्रिएटिनिन नऊच्या वर, हिमोग्लोबिन सहा. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबलेल्या. त्याच रात्री मानेतल्या शिरेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं.

किडनीचं हेच तर वाईट! दुखत नाही. निम्म्याहून जास्त काम बंद पडलं तरी माणूस चालतं-फिरतं असतं. दोन मुठींएवढी ही दोन इंद्रियं रोज जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून लिटर-दीड लिटर लघवी तयार होते. बाकीचं पाणी शरीर परत घेतं. रक्त वाढवणारं संप्रेरक किडनीच तयार करते, म्हणून ती बिघडली की अंगातलं रक्त कमी होतं. आपण मात्र बाईचा फिक्कट चेहरा पाहिला की लोहाच्या गोळ्या आणि बीट-गाजर सुरू करतो. काम १५ टक्क्यांच्याही खाली गेलं की डॉक्टर त्याला शेवटची, म्हणजे पाचवी पायरी म्हणतात. तिथून पुढे लवकरच डायलिसिस किंवा दुसरी किडनी लागते.

यंत्र वाचवतं, पण बरं करत नाही

डायलिसिसचं यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. तिथल्या टेक्निशियन मुलानं समजावून सांगितलं. डब्यासारख्या त्या नळीत केसांसारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून शुद्ध केलेलं, क्षार घातलेलं पाणी. मधल्या पातळ पडद्यातून घाण पाण्यात उतरते. हे पाणी मिनिटाला साधारण अर्धा लिटर लागतं, म्हणजे चार तासांत एका माणसासाठी १२० लिटर. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत हंडे-बादल्या मांडणाऱ्या बाईला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ही युक्ती नेदरलँडमधल्या विलेम कोल्फ या डॉक्टरांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका पिंपाभोवती गुंडाळून त्यांनी पहिलं यंत्र बनवलं. सुरुवातीचे बहुतेक रोगी गेले. १९४५ मध्ये जी पहिली व्यक्ती या यंत्रानं वाचली, ती ६७ वर्षांची बाई होती! आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, ‘बघ, माझ्यापेक्षा मोठी होती.’

आपल्याकडे हा शब्द ऐकू यायला लागला तो जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. १९७५च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवरच होते. त्या काळी ही मोठ्या शहराची, मोठ्या माणसांची गोष्ट होती. आज ती साक्रीची, शिरपूरची, पारोळ्याची, चोपड्याची झाली आहे.

किती जणांना लागतं, किती जणांना मिळतं?

घरी आले आणि आकडे शोधायला बसले. लक्षात आलं की इथे दोन वेगळ्या संख्या आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. डायलिसिस किती जणांना लागतं ही एक, आणि किती जणांना मिळतं ही दुसरी.

पहिली संख्या मिळणं अवघड. कारण जो दवाखान्यात आलाच नाही, त्याला मोजणार कोण? आपल्या देशात याचं बऱ्यापैकी पक्कं उत्तर मिळालं ते भोपाळमध्ये. गॅस दुर्घटनेनंतर तिथल्या पीडितांना मोफत उपचारांची सोय झाली, प्रत्येकाची नोंद ठेवली गेली. पैशांवाचून कुणी घरी राहायचं कारण नव्हतं. अशा पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांमध्ये दर वर्षी किती जणांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात, हे डॉक्टरांनी काही वर्षं मोजलं. २००६ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर होतं, दर दहा लाखांमागे वर्षाला १५१. त्यातल्या ४४ टक्के लोकांच्या आजाराचं मूळ मधुमेहात होतं.

आता आपल्या जिल्ह्यांचा नुसता हिशेब करून बघा. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर, धुळे जिल्ह्याची साडेवीस लाख. भोपाळचं प्रमाण इथे लावलं तर जळगाव जिल्ह्यात वर्षाला सहाशेहून अधिक आणि धुळे जिल्ह्यात तीनशेच्या वर नवे रुग्ण. हा मोजून काढलेला आकडा नव्हे, अंदाज आहे. आणि हे फक्त एका वर्षाचे. पुढच्या वर्षी तेवढेच आणखी.

देशाचा आकडा २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितला. दर वर्षी २ लाख २० हजार नवे रुग्ण, त्यांना ३ कोटी ४० लाख डायलिसिसची गरज, आणि देशात केंद्रं सुमारे ४,९५०. तीही बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांत. गरज जेमतेम निम्मी भागते, असं ते म्हणाले. एका वेळचा खर्च दोन हजार, वर्षाचा तीन लाखांवर. त्या भाषणात प्रवासखर्चाचा आणि बुडणाऱ्या मजुरीचाही उल्लेख होता. त्याच दिवशी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. नशीब कसं असतं बघा, दोन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, खुद्द जेटलींवरच दिल्लीत किडनी प्रत्यारोपण झालं. हा आजार मंत्री बघत नाही आणि मजूर बघत नाही. फरक असतो तो त्यानंतरच्या उपचारांत.

आता दुसरी संख्या. २०१८च्या सुमाराला आपल्या देशात नियमित डायलिसिसवर सुमारे पावणेदोन लाख लोक होते. जपानची लोकसंख्या आपल्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण तिथे डायलिसिसवर साडेतीन लाखांच्या आसपास माणसं आहेत. जपानी माणसांच्या किडन्या आपल्यापेक्षा कच्च्या आहेत का? तिथे म्हातारी माणसं जास्त, हे खरं. पण मुख्य म्हणजे तिथे ज्याला लागतं त्याला मिळतं आणि तो वर्षानुवर्षं जगतो. आपल्याकडे आकडा लहान दिसतो, कारण बरीच माणसं यादीत येण्याआधीच जातात. देशभरातल्या मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१५ या एका वर्षात १५ ते ६९ वयाची १ लाख ३६ हजार माणसं किडनी निकामी होऊन गेली. म्हणून डायलिसिसचा छोटा आकडा बघून हायसं वाटून घेऊ नये.

मग बायका कुठे जातात?

आता त्या बाकड्याकडे परत येते. जगभरात दीर्घकाळच्या किडनीविकाराच्या सुमारे १९ कोटी ५० लाख बायका आहेत, आणि त्यानं वर्षाला सहा लाखांच्या आसपास बायका दगावतात. २०१८ साली जागतिक किडनी दिन आणि महिला दिन एकाच दिवशी, ८ मार्चला आले होते. तेव्हा हे आकडे पुढे आले आणि त्या वर्षीचा विषयच ‘किडनी आणि स्त्रियांचं आरोग्य’ असा होता. म्हणजे आजार बायकांना आहे, चांगलाच आहे. डायलिसिसच्या खाटेवर मात्र त्या पुरुषांपेक्षा कमी दिसतात, आणि हे केवळ धुळ्यात नाही.

बायकांची किडनी थोडी सावकाश बिघडते, हे त्याचं एक कारण डॉक्टर सांगतात. पण आपल्या घरांतली कारणं आपल्याला जास्त माहीत आहेत. बाई उशिरा सांगते. घर उशिरा ऐकतं. आणि उपचार आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा, जन्मभराचा असेल, तर सगळ्यात आधी ‘कशाला एवढा त्रास?’ असं तीच म्हणते.

किडनी देण्याची वेळ आली की मात्र चित्र उलटं होतं. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत आपल्या देशात जिवंत माणसांनी केलेली ५६,५०९ अवयवदानं झाली. त्यात बहुतेक किडन्याच. देणाऱ्यांत ३६,०३८ बायका, म्हणजे शंभरात ६४. आणि अवयव मिळालेल्यांत? शंभरात ७० पुरुष! आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. त्यात प्रेम आहेच, ते मी नाकारत नाही. पण आत्यासाठी जेव्हा आमच्या घरात विषय निघाला, तेव्हा पहिला मिनिटभर सगळे गप्प बसले होते. मग मामांची साखर निघाली, मुलावर संसाराची जबाबदारी निघाली, आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा लेकीकडे वळल्या. आत्याच कडाडली, ‘तिचं नाव काढायचं नाही!’ विषय तिथेच मिटला.

सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्यांनी स्वतःच आपण डायलिसिसवर असल्याचं लोकांना सांगितलं. डिसेंबरमध्ये प्रत्यारोपण झालं आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. एवढ्या मोठ्या पदावरची बाई लपवत नाही, मग आपण का लपवतो?

आपल्या मातीतली कारणं

मधुमेह आणि रक्तदाब ही दोन मोठी कारणं. त्याशिवाय मुतखडा, अडकून राहिलेलं इन्फेक्शन, काही घराण्यांत चालत येणारा किडनीत गाठी होण्याचा विकार. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, लघवीतून प्रथिन गेलं होतं, त्यांनाही पुढे धोका जास्त असतो. बाळंतपण नीट झालं की ती फाइल आपण माळ्यावर टाकतो. टाकू नये.

खान्देशचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. पारा ४४-४५च्या घरात, केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या रानात दिवसभर काम, घाम गळून अंग कोरडं पडलेलं, आणि त्यावर दुखण्याची गोळी. कोरड्या अंगात या गोळ्या किडनीला फार छळतात. शेतात आडोसा नाही म्हणून आपण बायका तर पाणीच कमी पितो!

शेजारच्या बुलढाणा-अकोल्याच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट याहून वेगळी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या गावांत जमिनीखालचं पाणीच खारट. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या किडनीच्या आजाराच्या बातम्या वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतात. लोकांचा सगळा राग त्या पाण्यावर आहे. नेमकं कारण अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण मुक्ताईनगरच्या पलीकडच्या त्या आयाबहिणी डोक्यावरून गोडं पाणी आणतात, ते उगाच नाही.

केळीच्या जिल्ह्यात केळं बंद

डायलिसिस सुरू झालं की स्वयंपाकघरच बदलतं. किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आहारतज्ज्ञ बाईंनी आत्याचा कागद लिहून दिला. केळी बंद, बटाटा बंद, खजूर-शेंगदाणे बंद, नारळपाणी बंद. मी हसू की रडू! केळीच्या जिल्ह्यात जन्मलेली ही बाई, आणि चाळीस वर्षांचं तिचं उपासाचं ताट म्हणजे केळी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी!

वर सगळ्यांची माया. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर केळ्यांची फणी घेऊन येतो. चुलतदिरानं ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, म्हणजे किडनीच्या रोग्याला विषच. भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, उकळायच्या, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. पापड, बिबडे, लोणचं, शेव, सगळं बंद. शेवेच्या भाजीचा वास आला की आत्या उठून ओट्यावर जाऊन बसते.

सगळ्यात कठीण पाण्याचं. तिला लघवी फारशी होत नाही, म्हणून दिवसाला एक लिटरच्या आत. त्यातच चहा, त्यातच वरण. धुळ्याच्या उन्हाळ्यात! ती बर्फाचा छोटा खडा तोंडात धरून बसते. सकाळी मोजून भरलेली बाटली संध्याकाळी चारला संपते, आणि मग रात्रीपर्यंत ती त्या रिकाम्या बाटलीकडे बघत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते.

आणि बांगड्या! डायलिसिससाठी डाव्या हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. हात लावला तर आत भुणभुण लागते. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, ओझं उचलायचं नाही, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. डावा हात मोकळा दिसला तर गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, ‘नवरा जिता असताना?’ आत्या दोन दिवस बाहेर आली नाही. शेवटी मामाच म्हणाले, ‘माझं आयुष्य तुझ्या या भुणभुणण्यात आहे, बांगड्यांत नाही.’ साठ वर्षं न बोललेला माणूस एवढं बोलला. आता सगळा चुडा उजव्या हातात असतो.

‘आते बस झायं’

आत्याचं डायलिसिस योजनेतून होतं, त्याचे पैसे लागत नाहीत. पण जाणं-येणं, रक्त वाढवायची इंजेक्शनं, तपासण्या आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी असतेच. तिसऱ्या आठवड्यात एसटी स्टँडवर बसलेलो असताना ती हळूच म्हणाली, ‘आते बस झायं. नातवाची फी भरायची आहे. मी गेले तर निदान सगळे सुटतील.’

मला काय बोलावं कळेना. मी त्या बाकड्यावरच्या एका बाईची गोष्ट सांगितली. तिचा नवरा सात वर्षं डायलिसिसवर आहे, टेलरिंगचं दुकान चालवतो, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर बसतो. म्हटलं, ‘त्याला कुणी म्हणालं का, बस झालं म्हणून? मग तुलाच का?’ ती काही बोलली नाही. एसटी आली. खिडकीशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘शुक्रवारी येशील ना?’

जळगावला परतल्यावर मी एक काम केलं, जे दोन वर्षं टाळत होते. मला सहा वर्षांपासून बीपी आहे. नवऱ्याची साखर दर तीन महिन्यांनी तपासून घेणारी मी, स्वतःची लघवी मात्र कधी तपासली नव्हती. क्रिएटिनिन आलं १.१. रिपोर्टवर ‘नॉर्मल’. मी खूश! डॉक्टर म्हणाले, थांबा. बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तिचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. वय आणि बाई-पुरुष धरून हिशेब केला तर माझ्या किडनीच्या कामाचा आकडा ६२ आला. माझ्या बावीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन तेवढंच १.१ असतं, तर तो आकडा नव्वदीच्या वर आला असता! शिवाय लघवीत थोडं प्रथिन सापडलं. बीपीची गोळी बदलली, मीठ कमी केलं, दुखण्याच्या गोळ्या घरातून हद्दपार झाल्या. वेळेत कळलं, म्हणून हे सावकाश करता येईल, कदाचित थांबवताही येईल. आत्याला ती संधी मिळाली नाही.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट आपण फायलीत नीट लावून ठेवतो. त्या फायलीत आपला स्वतःचा कागद आहे का, तेवढं एकदा बघा. आत्या अजून मंगळवारी-शुक्रवारी धुळ्याला जाते. परवा फोनवर सांगत होती, तिच्या शेजारच्या खाटेवर आता एक नवी बाई आली आहे. म्हणाली, ‘तिची सासू घेऊन आली तिला.’ ऐकून मला फार बरं वाटलं.

एवढं लक्षात ठेवा

• मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते, तो आकडा डॉक्टरांना विचारा.

• पाय किंवा चेहरा सुजणं, लघवीला फेस येणं, जेवण नकोसं होणं, अंगाला खाज, कारणाशिवाय रक्त कमी होणं, ही लक्षणं अंगावर काढू नका.

• दुखण्याच्या गोळ्या आणि अनोळखी भस्मं-चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

• राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची आता सातशेहून अधिक जिल्ह्यांत दीड हजारांवर केंद्रं आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना तिथे डायलिसिस मोफत असतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

• राज्याच्या जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात धुळे होतं. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

• डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. रेल्वेतही डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते. डॉक्टरांचा दाखला लागतो.

• डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना केळी, शहाळं नेऊ नका. त्यापेक्षा एक दिवस सोबत जा.